एक अंश म्हणजे ३१ किलो : दोन लाइन अ‍ॅरे टांगल्याच्या नोंदी

४ फेब्रुवारी

सभागृहाचं ड्रॉइंग आज हातात आलं. स्टेजच्या दोन्ही बाजूंना १२-१२ स्पीकर पेट्यांचा लाइन अ‍ॅरे (एकाखाली एक जोडलेल्या पेट्यांची उभी रांग) फ्लाय करायचाय, म्हणजे छताला टांगायचाय. पहिली रांग अ‍ॅरेपासून साडेचार मीटर, शेवटची ५२ मीटर, आणि बसायचा उतार चांगला आहे, शेवटच्या रांगेची फरशी ४.६ मीटर उंच. बसलेल्या माणसाचा कान त्याच्या वर १.२ धरला तर शेवटचा कान ५.८ वर. सगळ्यात वरची पेटी ८.६ मीटरवर ठेवली तर कानापर्यंत उतार २.८ मीटर, अंतर ५२, म्हणजे साधारण ३ अंश. हे मी कॅल्क्युलेटरवर केलं, सॉफ्टवेअर नंतर. आधी हाताने काढायची सवय आहे कारण सॉफ्टवेअरमध्ये एखादा आकडा चुकीचा टाकला की ते तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचं चित्र रंगीत करून दाखवतं, आणि रंगीत चित्र बघितलं की माणूस शंका घेणं बंद करतो.

वरची पेटी = शेवटची रांग. एवढं आज ठरलं.

६ फेब्रुवारी

इमारतीचे स्ट्रक्चरल इंजिनिअर भेटले. बीम स्टेजकडून प्रेक्षकांकडे जातात, ही चांगली गोष्ट, कारण पुढचा आणि मागचा पॉइंट (टांगायची जागा) एकाच बीमवर बसतो. पण अट लेखी दिली : एका पॉइंटला जास्तीत जास्त ७५० किलो, धक्का धरून, आणि ओढ सरळ खालीच हवी, आडवी अजिबात नाही.

आता माझी जागा बीमच्या रेषेपासून ४० सेंमी बाजूला येत होती. मी म्हटलं ब्रायडल करू, दोन बीमवरून दोन पाय खाली आणून मधे पॉइंट काढू. त्यांनी शांतपणे कागदावर त्रिकोण काढला. दोन पायांमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येक पायात वजनाच्या ०.५८ पट ताण, ९० ला ०.७१ पट, १२० ला पूर्ण वजनाएवढा, म्हणजे दोन पाय असून फायदा शून्य. आणि तो ताण आडवा पण ओढतो, ९० अंशाला अर्ध्या वजनाएवढी आडवी ओढ प्रत्येक बीमवर. बीम वरून दाबायला केलाय, कुशीत खेचायला नाही. कोन लहान ठेवायचा तर पाय लांब लागतात आणि छताखाली तेवढी उंचीच नाही. विषय संपला. अ‍ॅरे ४० सेंमी बाहेर सरकवला. आवाजाच्या दृष्टीने ४० सेंमीने काही बिघडत नाही, डिझाइनच्या कागदावर मात्र मला आधी तो पॉइंट फार पवित्र वाटत होता.

९ फेब्रुवारी

सगळा दिवस कोनांवर गेला. आज थोडं सविस्तर लिहितोय, कारण आमच्यातली नवीन पोरं हेच विचारतात की सगळ्या पेट्यांना सारखाच कोन का नाही.

पॉइंट सोर्सचा, म्हणजे एकाच ठिकाणाहून निघणारा, आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डीबी पडतो. उभ्या रांगेचा जवळच्या पट्ट्यात ३ डीबीच पडतो, पण हा पट्टा फ्रिक्वेन्सीवर अवलंबून असतो हे बरेच जण विसरतात. सरळ उभ्या ४ मीटर अ‍ॅरेचा हा पट्टा १ किलोहर्ट्झला साधारण २३ मीटरपर्यंत, १०० हर्ट्झला जेमतेम सव्वादोन मीटर. म्हणजे बास मागे लवकर पडायला लागतो आणि हाय (वरच्या फ्रिक्वेन्सी) लांब धावतं, त्यावर हवा हाय खाते, तो हिशोब वेगळाच. १९९२ मध्ये क्रिस्टियान हाइल आणि मार्सेल उर्बां यांनी मांडलेलं गणित आणि त्यातून आलेली व्ही-डॉस्क ही स्पीकर सिस्टिम, तिथून हा सगळा प्रकार सुरू झाला. त्यातला गाभा असा की शेजारशेजारचे सोर्स एकमेकांपासून अर्ध्या तरंगलांबीपेक्षा जवळ हवेत, नाहीतर ते एक रांग म्हणून वागत नाहीत, वेगवेगळे बोलतात. १६ किलोहर्ट्झची तरंगलांबी २ सेंमीच्या जरा वर, एवढ्या जवळ हॉर्न ठेवता येत नाहीत म्हणून पेटीत वेव्हगाइड असतो जो उभी सलग फट बनवतो.

तर कोन. लांब फेकायचं तिथे पेट्या घट्ट, जास्त पेट्यांची ताकद एकाच दिशेला. जवळ आहे तिथे उघड्या, ताकद पसरून टाकायची. वरून खाली माझा शेवटचा आकडा असा आला : १, १, १, १, २, २, ३, ३, ५, ५, ७. बेरीज ३१. बंपर (सगळ्यात वरची फ्रेम, जिला पेट्या लटकतात) ३ अंश खाली, म्हणजे सगळ्यात खालची पेटी ३४ अंशावर बघते. पेटीचा उभा पसारा १० अंश, खालची कड ३९ ला, तो बरोब्बर पहिल्या रांगेला टेकतो. आणखी उघडलं तर स्टेजवर आवाज जाईल आणि गायकाच्या माइकात शिरेल, ते नको.

एक गोष्ट दोनदा तपासली : दोन पेट्यांमधला कोन एकदम उडी मारत नाही ना. १, १, १, ७ असं केलं की मधे खाचेसारखा भाग पडतो आणि त्या रांगेत बसलेल्याला वाटतं साउंडवाल्याने आपल्यालाच टाळलं.

१० फेब्रुवारी

वजनं. पेटी ५६ किलो, बारा म्हणजे ६७२. बंपर ६२. केबल वगैरे २६ धरली. एकूण ७६०. बंपरच्या पुढच्या आणि मागच्या पॉइंटमधे ९० सेंमी.

हे गणित मला फार आवडतं. अ‍ॅरे जितका खाली झुकवाल तितका गुरुत्वमध्य मागच्या पॉइंटकडे सरकतो. तो बंपरपासून साधारण २.१ मीटर खाली आहे, तर एका अंशाला ३.७ सेंमी सरकतो, आणि ९० सेंमीच्या पट्टीवर ३.७ सेंमी म्हणजे चार टक्के, म्हणजे ३१ किलो पुढच्या मोटरवरून (चेनने उचलणारं यंत्र, प्रत्येक पॉइंटला एक) उचलून मागच्या मोटरवर ठेवले असं. कानाला एक अंश लहान असतो हो, मोटरला एक मोठं पोतं असतं.

३ अंशाला : मागे ५१५, पुढे २४५. मागच्या पॉइंटला मोटरचे ५५ मिळवले आणि सुरू-बंद होतानाच्या धक्क्यासाठी २५ टक्के, म्हणजे ७१२. ७५० च्या आत आहे पण फार नाही. साधारण ११ अंशाला पुढची चेन ढिली होते आणि सगळं मागच्या एकाच मोटरवर. त्यापुढे जायचं असेल तर खालून मागे ओढणारा पुलबॅक लागतो, आपल्याला एवढं जायचंच नाही.

१३ फेब्रुवारी

गोडाऊनमधे दिवस. सामान जमिनीवर मांडून एकेक हातात घेऊन बघितलं.

शॅकल (पिनेने बंद होणारी लोखंडी कडी) १६ मिमी, ३.२५ टनवाले. पिन पूर्ण आवळायची. आमच्यातल्या जुन्या दादांना सवय आहे, आवळून पाव फेरा मागे घ्यायची, "नाहीतर अडकते रे", त्यांच्याशी आज परत वाद झाला. मागे घेतलेली पिन हलत्या लोडखाली आणखी सुटते एवढंच खरं. दादा म्हणाले बघतो. (बघणार नाहीत.) दुसरं, शॅकलवर लोड सरळ रेषेत पाहिजे, ४५ अंशाने बाजूने ओढलं तर क्षमता ७० टक्क्यांवर येते, ९० ला अर्धी. आणि पिन हरवली म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट घालायचा हे मी ज्यांच्याकडे बघितलंय त्यांचं नाव घेत नाही.

बीमभोवती गुंडाळायचे बेल्ट काळे घेतले, स्टेजला बरे दिसतात म्हणून, पण काळ्यात रंगावरून क्षमता कळत नाही, रंगीत असता तर जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३ हे लांबून ओळखता येतं. काळ्यात टॅग वाचायचा. टॅग गेलेले दोन बेल्ट कापूनच टाकले, ठेवले की कोणीतरी वापरतं. चोक केला, म्हणजे बेल्ट स्वतःच्याच फासातून ओवला, तर ८० टक्केच क्षमता धरायची. बीमची कड धारदार आहे, तिथे स्टील गाभ्याचे घेतले, पॉलिएस्टर तसाही २५०-२६० अंशाला वितळतो आणि शेजारी गरम दिवे लागणारेत.

मोटर डी८ वाल्या आहेत. जर्मन वर्गवारीत डी८ म्हणजे माणसं खाली असताना एकट्या मोटरवर लोड टांगून ठेवायचा नाही, वेगळी सेकंडरी सेफ्टी लागते. डी८ प्लसमधे डबल ब्रेक आणि जास्त सुरक्षा गुणक असतो म्हणून स्थिर लोडला ती सेफ्टी नको. आमच्याकडे प्लस नाहीत, तर स्टील वायर. आणि ती ताणलेली बसली पाहिजे. दहा सेंमी ढिली ठेवली की मोटर सुटल्यावर पाऊण टन दहा सेंमी पडून वायरला फटका देणार, मग ती सेफ्टी कसली.

चेन बॅग (उचलल्यावर उरलेली चेन जमा होते त्या पिशव्या) बघितल्या. एक लहान होती. चेन भरून बाहेर ओघळली तर ती वरून येते आणि तिला काही आवाज-बिवाज कळत नाही. बदलली.

१७ फेब्रुवारी

डावा अ‍ॅरे वर.

सकाळी ८ ला खालचा भाग पट्टी लावून मोकळा केला, त्याच्या आत हेल्मेटशिवाय कोणी नाही. बंपर मोटरला, लोड सेल (वजन दाखवणारा काटा) मोटर आणि बंपरच्या मधे (म्हणजे मोटरचं वजन सेल दाखवत नाही, ते हाताने मिळवायचं, हे कंट्रोलवर मोठ्या अक्षरात चिकटवलंय). मग चार-चार पेट्यांच्या ट्रॉल्या. पेट्या ट्रॉलीवर असताना मागचे जोड दाबलेले असतात, कोनाच्या पिना खालीच त्या-त्या भोकात घालून ठेवायच्या, आणि उचलल्यावर पेटी स्वतःच्या वजनाने उघडून त्या कोनाला बसते. म्हणजे कोन हवेत कळतो, जमिनीवर नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारे.

एका जोडाला चार पिना, बंपरचा धरून बारा जोड, म्हणजे एका बाजूला ४८. पिनेचं बटण सोडलं की टोकाच्या गोळ्या बाहेर येतात. मी प्रत्येक पिन ओढून आणि फिरवून बघतो. फक्त बघून चालत नाही कारण अर्धी आत गेलेली पिन लांबून अगदी पूर्ण गेल्यासारखी दिसते.

पहिला सेट फूटभर उचलला आणि थांबवला. पोरं लगेच पुढची ट्रॉली आणायला निघाली, त्यांना थांबवलं, दोन मिनिटं नुसतं बघायचं. बेल्ट बसतात, शॅकल फिरून सरळ होतात, कुठे करकर आली तर आत्ता ऐकू येते. आली नाही.

पूर्ण उचलल्यावर सेल : मागे ५३८, पुढे २५१. एकूण ७८९. म्हणजे २९ किलो कुठून आले? पेट्या मोजल्या, बाराच आहेत. मग वर बघितलं तर केबलची जाड जुडी बंपरच्या मागच्या टोकाला बांधलेली आणि तिथून जमिनीपर्यंत लोंबतेय, मी धरलेली २६ किलो ही फक्त पेट्यांमधली केबल. मागच्या पॉइंटवर (५३८ + ५५) गुणिले १.२५ म्हणजे ७४१. सीमेपासून नऊ किलो! जुडीला बीमवर वेगळा दोर दिला आणि तिचं वजन अ‍ॅरेवरून काढलं. परत सेल : ५१८ आणि २४७. हे बरं.

दोन मोटर एकत्र चालवताना वेगात जरासा फरक असतोच, उचलताना आकडे ५०-६० किलोनी इकडे-तिकडे नाचतात. नाचू द्यायचे, पण मधेमधे थांबून परत समान करायचे. शेवटी बंपरवरचा इन्क्लिनोमीटर (कोनमापक) ३.० आणि लेझरचा ठिपका शेवटच्या रांगेच्या पाठीच्या जरा वर. दुपारचे तीन. सेफ्टी ताणून लावली.

१७ फेब्रुवारी, रात्री

उजवा पण वर. ९.४० ला संपलं. सगळे थकले. सेल ५१७ / २४६. घरी.

१८ फेब्रुवारी

आज सगळ्यात जास्त शिकलो, म्हणून वेळ लागला तरी नीट लिहितो.

ट्यूनिंगला बसलो. डावीकडे सगळं चित्रासारखं. उजवीकडे पहिल्या तीन रांगा मंद, बोललेलं कळतं पण स, श, ट हे उच्चार जणू उशीवरून येतात. मिक्स करणारे साहेब पहिल्या रांगेत जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "उजवा दोन अंश खाली घ्या ना, पाच मिनिटांचं काम."

खरंच पाच मिनिटांचं काम आहे, बटण दाबायचं. मी म्हटलं थांबा साहेब, आणि कागद काढला. दोन अंश म्हणजे ६२ किलो मागे. ५१७ चे ५७९. मोटर ५५. ६३४ गुणिले १.२५, ७९२. अट ७५०. ते म्हणाले अहो पण ७५० मधे त्यांनीही काहीतरी सूट धरलीच असेल. धरली असेल. ती सूट माझी नाही, ती त्यांची आहे, मला माहीत नसलेल्या गोष्टींसाठी ठेवलेली.

दुसरं कारण आवाजाचं. ५ अंशाला वरच्या पेटीची रेषा ५२ मीटरवर ४.०५ मीटर उंचीवर लागते, कान ५.८ वर. पावणेदोन मीटर खाली. शेवटचे दहा-एक मीटर हायशिवाय बसतील आणि आपण पहिल्या तीन रांगांसाठी मागच्या दहा रांगा देऊन टाकू. पुढचा प्रश्न वरून सोडवायचाच नसतो.

पण मग डावीकडे हा प्रश्न का नाही? डिझाइन तेच, उंची तीच, सेल जवळजवळ तेच. साहेब म्हणाले प्रोसेसिंग असेल. तासभर ते बघितलं, अ‍ॅम्प बदलला, केबल बदलली. मग आमच्यातला सगळ्यात लहान पोरगा, जो सहसा बोलत नाही, तो म्हणाला, "दादा, तो खालून सरळ नाही दिसत का? डावा जास्त वाकलाय."

दोघं मागे जाऊन उभे राहिलो आणि डोळे बारीक केले. होय. सेफ्टी काढली, अ‍ॅरे खाली घेतला, शेवटची पेटी छातीच्या उंचीवर आली तेव्हा डिजिटल लेव्हल लावली : ३० अंश. असायला हवा ३४. वर-वर जात प्रत्येक पेटी मोजली. दहावी ठीक. दहा-अकरामधे ५ च्या जागी ३, अकरा-बारामधे ७ च्या जागी ५. दोन्ही पिना एकेक भोक अलीकडे. कोनाच्या भोकांच्या पट्टीवर आकड्यांचे स्टिकर घासून गेलेत, रात्री टॉर्चमधे भोकं मोजून घातली आणि मोजताना एकाने चुकलो. आणि वाचणारा कोण? मी. घालणारा कोण? मीच, कारण पोरं थकली होती आणि मला वाटलं पटकन होईल. पिना सगळ्या पूर्ण आत होत्या, ओढून-फिरवून बघितलेल्या. भोक चुकलं होतं एवढंच. लोड सेललाही काही कळलं नाही कारण तळाच्या दोन पेट्यांनी गुरुत्वमध्य फारसा हलत नाही.

म्हणजे साहेबांचं ऐकलं असतं तर माझ्या दोन चुकीच्या पिनांसाठी छताचा पॉइंट ओव्हरलोड केला असता. आणि आवाज पुढे सुधारलाही असता, म्हणून कोणाला कळलंही नसतं. दिवसभर हेच डोक्यात होतं.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळ

पिना हलवल्या. खालची पेटी ३४.१. परत वर, परत सेफ्टी. पुढच्या रांगेतला स परत आला. साहेबांनी अंगठा दाखवला, बाकी काही बोलले नाहीत, मीही नाही.

कोनाच्या पट्टीवर आता रंगाचे ठिपके केलेत, १ पांढरा, २ निळा, ३ हिरवा, ५ पिवळा, ७ लाल. आणि पद्धत बदलली : एकजण कागदावरून वाचतो, दुसरा पिन घालून तोच आकडा मोठ्याने परत म्हणतो, तिसरा हात लावून बघतो. तिघं नसतील तर त्या रात्री हँग नाही, सकाळी. दादा म्हणाले आता ही शाळा झाली. पण पहिला ठिपका त्यांनीच लावला.

१९ फेब्रुवारी

हवेचं बघितलं. हॉल रिकामा, एसी जोरात, हवा कोरडी. ८ किलोहर्ट्झला २० अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला हवा किलोमीटरमागे ७७ डीबीच्या आसपास खाते, ५२ मीटरला ४ डीबी. १५ अंश आणि २० टक्क्यांना तेच २०२ पर्यंत जातं, ५२ मीटरला साडेदहा डीबी. माणसं भरली की ओल वाढते आणि मागचं हाय आपोआप थोडं परत येतं. म्हणून रिकाम्या हॉलमधे वरच्या चार पेट्यांचं हाय जितकं वाढवावंसं वाटलं त्याच्या अर्धंच वाढवलं, आणि सेन्सरचा आकडा आत-बाहेर दोन्ही वेळा लिहून ठेवला. अंश नाही हलवला. अंश हलवणं हे आता आमच्याकडे ईक्यूचं (आवाजातला बास-हायचा तोल साधायचं) काम राहिलं नाही, त्यासाठी इंजिनिअरचा कागद परत उघडायला लागतो.

२० फेब्रुवारी

शो. लोकांना आत सोडायच्या आधी सेल ५१९ / २४७ आणि ५१७ / २४७. मध्यंतरात तेच. मोटरच्या कंट्रोलची वायर काढून पेटीत कुलूपबंद, म्हणजे कोणाचा हात चुकून लागणार नाही. मागच्या रांगेत बसून दहा मिनिटं ऐकलं, शेवटची तीन गाणी तर तिथेच ऐकली. शब्द कळत होते.

२१ फेब्रुवारी

खाली उतरवलं. उतरवताना घाई जास्त होते, सगळ्यांना घरी जायचं असतं, म्हणून उलट क्रमाने तीच वाचणं-म्हणणं-हात लावणं पद्धत. सेफ्टी सगळ्यात शेवटी काढायची असं एक पोरगा म्हणाला, नाही रे, सेफ्टी ताणलेली असताना मोटर खाली घेतली तर सगळा लोड तिच्यावर जाऊन बसेल. मोटर चालवायच्या आधी, खाली कोणी नाही बघून, तेव्हा ती सोडायची.

पिना मोजल्या, ९६. उजव्या बाजूच्या दोन पिनांच्या गोळ्या बटण सोडल्यावर पूर्ण बाहेर येत नव्हत्या, आत माती. साफ करून पण तसंच. लाल टेप गुंडाळून वेगळ्या डब्यात टाकल्या, डब्यावर लिहिलं "वापरू नये". मग वाटलं डबा कोणीतरी उघडेलच, म्हणून ग्राइंडरवर दोन्ही कापल्या. गोडाऊनला ९४ गेल्या, नवीन ४ मागवल्या.